गुळव्याचा उजवा हात

सर्जेराव खोतांनी आपला उजवा हात काढून टाकला, तो काही अपघातात सापडला म्हणून नव्हे. हात जागेवर होता, पाचही बोटं शाबूत होती, ताटातली भाकरी मोडता येत होती. तरी हा गडी स्वतःच्या पायांनी चालत कोल्हापूरच्या इस्पितळात गेला, कागदावर सही केली आणि मनगटाच्या वर चार बोटांपासून हात कापून घेऊन तिथं नवा बसवून आला. वाडीतल्या लोकांनी तोंडात बोटं घातली. पुढच्या तीन वर्षांत त्यांच्यातल्याच सहा जणांनी तेच केलं, त्यामुळे सर्जेरावांना वेडा म्हणायची सोय उरली नाही.

सर्जेराव म्हणजे गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस गाळून मोठ्या काहिलीत उकळायला ठेवतात. एका वेळच्या त्या रसाला आधण म्हणतात. दोन-तीन तास आटला की त्या रसाचा गूळ व्हायचा नेमका क्षण येतो. तो क्षण ओळखायचा, एवढंच गुळव्याचं काम. काहील थोडी आधी उतरवली तर गूळ लिबलिबीत राहतो, थोडा उशीर झाला तर करपून काळा पडतो. सर्जेराव गार पाण्यात बोटं बुडवायचे, फावड्यावरच्या उकळत्या पाकाला लावायचे, पुन्हा पाण्यात नेऊन चिमटीत गोळी वळायचे. गोळीचा ताठपणा बोटांना पटला की हाक जायची, "उतरा!" आणि आठ माणसं काहिलीला भिडायची. पस्तीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि पंचक्रोशीत त्यांच्या हाकेवर कोणी शंका घेतली नव्हती.

पण एकशे अठरा अंशांच्या पाकाशी पस्तीस वर्षं सलगी केल्यावर बोटं कधीतरी कंटाळणारच. आधी अंगठा बधिर झाला, मग त्याच्या शेजारची दोन बोटं. सर्जेरावांनी वर्षभर कानाडोळा केला. मग एकाच आठवड्यात दोन आधणं वाया गेली आणि लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

गुऱ्हाळाचे मालक धैर्यशील पोवार वयाने लेकासारखे, माणूस स्वभावाने गोड. ते रागावले नाहीत. "खोतमामा, दोनच वाटा आहेत," ते म्हणाले. एक तर काहिलीवर कॅमेरा बसवायचा आणि मामांनी घरी बसायचं, नाही तर मामांनी हात बदलायचा. कॅमेरा गुळाचा रंग ओळखतो हे खरं, पण दर शेताचा रस निराळा, आणि गुळव्याच्या हाताची सर त्याला येत नाही असं मालकांचंही मत होतं. सर्जेरावांनी दोन दिवस विचार केला. खरं म्हणजे दोन मिनिटंच केला, बाकी वेळ ते बायकोला सांगायचं कसं याची जुळवाजुळव करत होते. काहिलीपाशी उभं न राहणारा सर्जेराव खोत कसा दिसतो हे त्यांनी स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं आणि पाहायची त्यांना भीती वाटत होती.

हात बनवणाऱ्या कंपनीकडून डॉ. नाझनीन मुजावर आल्या. मूळच्या मिरजेच्या, बोलायला मोकळ्या. उसाचा रस पीत पीत त्यांनी सगळं समजावलं. हात गेला तरी त्याच्या नसा वर जिवंत असतात, आणि मेंदू त्यांच्यातून मूठ वळ, बोट उचल असे निरोप पाठवतच राहतो. त्या नसांच्या टोकांना केसाहून बारीक तारांची जाळी जोडली की तो निरोप नव्या हाताला कळतो आणि हात मूठ वळतो. उलट बाजूने, नव्या हाताच्या कातडीखाली हजारो बारीक ठिपके असतात. ते दाब, थरथर, चिकटपणा मोजतात आणि त्याच जाळीतून नसांना कळवतात. म्हणजे गोळी ताठ आहे की मऊ, हे सर्जेरावांना कळणार होतं, आणि पूर्वीपेक्षा दसपट बारकाईने कळणार होतं.

"आणि चटका?" सर्जेरावांनी विचारलं.

मुजावरबाई हसल्या. ऊब सांगणारी नस वेगळी आणि भाजल्याचं दुखणं सांगणारी नस वेगळी, त्या म्हणाल्या. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या वर गेलं की ही दुसरी नस बोंब मारायला लागते. सुरुवातीच्या हातांत कंपनीने तीही जोडली होती, तर लोक भांडायला आले की नवा हात काय भाजून घ्यायला घेतला? तेव्हापासून उष्णता नुसती आकडा होऊन मनगटी घड्याळावर यायची आणि दुखणं शून्यावर ठेवलेलं असायचं. हवं त्याने मोबाईलवरची पट्टी सरकवून ते चालू करावं. आजवर कोणी ती सरकवली नव्हती.

सर्जेरावांची बायको शालन. तिने एवढ्या सगळ्यात एकच प्रश्न केला, काढलेल्या हाताचं काय करणार? इस्पितळात तो भट्टीत जाळतात असं कळल्यावर ती हट्टाला पेटली. शेवटी एक पांढरा मोहोरबंद डबा घेऊन दोघं घरी आली आणि बांधावरच्या शेवग्याखाली तो पुरला. दहाव्या दिवशी शालन तिथं दहीभात ठेवून आली. सर्जेरावांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

हात मात्र अफलातून निघाला. पहिल्या हंगामात एक आधण बिघडलं नाही. नवा हात गार पाण्यात बुडवायचीही गरज नव्हती, तो सरळ उकळत्या पाकात जायचा. बघायला माणसं यायची. सर्जेराव पाकात बोटं घालून समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचे, आणि समोरचा कळवळला की त्यांना भारी मजा वाटायची. असल्या वेळी माणसाला थोडी गुर्मी चढतेच, त्यांनाही चढली.

तोवर जगही बदलत होतं. पहिल्यांदा ज्यांचे हात यंत्रात गेले होते त्यांनी नवे बसवले, मग ज्यांचे आखडले होते त्यांनी, आणि मग ज्यांना काहीच झालं नव्हतं त्यांनी. इचलकरंजीच्या एका दाताच्या डॉक्टरने दोन्ही बदलले. लग्नाच्या जाहिरातींत "गोरी, सुस्वभावी, दोन्ही हात मूळचे" असं छापून यायला लागलं. तीर्थ कोणत्या हातावर घ्यायचं यावरून देवळांत वाद झाले, शेवटी पुजाऱ्यांनी ओंजळ करा म्हणून सांगितलं आणि विषय मिटवला. नवे हात कोणाचीही सही हुबेहूब करायला लागले, म्हणून कचेऱ्यांनी सह्या बंद करून पुन्हा डाव्या अंगठ्याचे ठसे घ्यायला सुरुवात केली. शिकलेली माणसं अंगठा उठवताना ओशाळायची, पण उठवायची.

दुसऱ्या हंगामात, पौष महिन्यात, ते घडलं.

त्या गुऱ्हाळात एक रीत होती. काहील उतरवली की गूळ निवायला रुंद वाफ्यात ओततात आणि फावड्यांनी घोटतात. तो आळायला लागला की त्यातला पहिला खडा गुळव्याच्या घरच्या पोराचा. सर्जेराव तो ऊन खडा उजव्या तळव्यावर घ्यायचे, जरा झेलायचे, तळव्याची कुरकुर थांबेपर्यंत थांबायचे आणि मग पोराच्या हातावर ठेवायचे. मुलगा प्रशांत लहान असताना त्यांनी हेच केलं, आता प्रशांतची लेक शिवन्या सहा वर्षांची होती, तिच्यासाठीही हेच. किती थांबायचं ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. हात सांगायचा. नवा हात आल्यापासून मात्र ते आठवणीने खडा डाव्यावर घ्यायचे.

त्या दिवशी पाहुणे आले होते, गप्पा रंगल्या होत्या. शिवन्या येऊन उभी राहिली. सर्जेरावांनी वाफ्यातला खडा उचलून बोलण्याच्या नादात उजव्या तळव्यावर घेतला. तळवा काही बोलला नाही. पस्तीस वर्षांच्या सवयीला एकच प्रश्न ठाऊक होता, भाजतंय का? उत्तर आलं, नाही. त्यांनी हसत हसत तो खडा नातीच्या हातावर ठेवला. घड्याळावर चौऱ्याहत्तरचा आकडा होता, पण घड्याळ बाहीखाली होतं.

गूळ चिकट. झटकला तरी सुटत नाही. पोरीची किंकाळी ऐकून सर्जेराव तो ओरबाडून काढायला गेले, तेही त्याच हाताने, आणि गुळाबरोबर थोडी कातडी आली. शालनने तिला उचलून पाण्याच्या हौदावर नेलं. पाहुणे उठून उभे राहिले होते. सर्जेराव वाफ्यापाशी तसेच थांबले, आणि त्यांच्या हाताला अजूनही काही होत नव्हतं.

जखम तीन आठवड्यांत भरली. तळव्याच्या मध्यावर एक गुळगुळीत, चकाकणारा डाग राहिला. सून प्रणाली सासऱ्यांना काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं सर्जेरावांना रोज वाटायचं. तिने फक्त पोरीला गुऱ्हाळावर पाठवायचं बंद केलं. शिवन्याच्या मनात काही नव्हतं. ती आबांशी बोलायची, मांडीवर बसायची, गोष्ट सांगा म्हणायची. फक्त बसायची ती डाव्या मांडीवर. रस्ता ओलांडताना उजवीकडे असली तर मागून वळसा घालून डावीकडे यायची आणि तिकडचं बोट धरायची. सर्जेरावांना ते दर वेळी दिसायचं.

त्यांनी मुजावरबाईंना बोलावलं आणि चटका चालू करून मागितला. बाईंना नवल वाटलं, पण त्या आल्या. आता किती अंशांवर किती दुखायचं ते ठरवायला हवं होतं. सर्जेराव म्हणाले, डाव्याला विचारू. मग एक दुपारभर दोघं ओसरीवर बसली. बाई डाव्या तळव्यावर ऊन पाण्याची वाटी टेकवायच्या, सर्जेराव "आता" म्हणायचे, बाई आकडा लिहून घ्यायच्या. संध्याकाळी पट्टी सरकवली आणि नवा उजवा हात पहिल्यांदाच भाजला. सर्जेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना वाटलं दुखलं म्हणून.

हे किती दिवस टिकलं? चार. चौथ्या दिवशी आधण ऐन रंगात आलं होतं, उजवा हात पाकात होता, हातात आगीचा डोंब उसळला होता, आणि समोर खांबाला मोबाईल लटकत होता. सर्जेरावांनी डाव्या हाताने पट्टी शून्यावर आणली. काम झालं की पुन्हा चालू करू, असं स्वतःला सांगितलं. संध्याकाळी विसरले. दुसऱ्या दिवशी आठवलं, पण केली नाही. बटण हाताशी असताना चटका कोण सोसतो? हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मात्र स्वतःची त्यांना मनापासून लाज वाटली.

एवढ्यात नवाच फतवा निघाला. नवे हात झाले, तशी बाहेरच्या देशांतल्या ग्राहकांना उघड्या हाताची किळस यायला लागली. पूर्वी डब्यावर "हाताने बनवलेला" असं अभिमानाने छापायचे, आता "मानवी स्पर्शाविना" असा शिक्का लागेल तोच माल परदेशी जाणार होता. जुन्या कातडीचं बोट लागलं की तो वाफा शिक्क्यातून बाद. हातमोजेही त्या ग्राहकांना चालत नव्हते, आत हात जुनाच म्हणून. पुढच्या हंगामापासून काहिलीपाशी उभं राहणाऱ्याचे दोन्ही हात नवे हवेत, असं धैर्यशीलनी सांगितलं, आणि सांगताना त्यांनाही जड गेलं. हंगामाच्या शेवटच्या आधणाला मुजावरबाई हात बदलायच्या संमतीचा कागद घेऊन येतील, मामांनी डावा अंगठा उठवावा.

सर्जेरावांनी घरी हे सांगितलं तेव्हा शालन तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"उजवा गेला तवा मी काय बोलले न्हाई," ती म्हणाली. "पण डावा तुमच्या एकट्याचा न्हाई. त्यो ती पोरगी धरती."

"आणि काहिलीपास्नं उठलो तर मी कोण गं? नुसता म्हातारा?"

खोटं बोलायची शालनला सवय नव्हती. तिने सूप झाडून ठेवलं आणि सुनेशी जाऊन काही तरी बोलली.

शेवटचं आधण होळीनंतरच्या आठवड्यात लागलं. त्या दिवशी घरच्या बायका काहिलीची पूजा करून नैवेद्य दाखवतात. शालन आली, प्रणाली आली, आणि प्रणालीचा पदर धरून शिवन्याही आली. मुजावरबाई बाकावर बसल्या होत्या. शेजारी कागद आणि शाईची डबी. सर्जेरावांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, गोळी पाहिली, हाक दिली. काहील उतरली, गूळ वाफ्यात गेला, फावडी चालू झाली. आधण नेहमीसारखं सोन्यासारखं जमलं होतं. धैर्यशील खूश होऊन म्हणाले, "मामा, उरकून घेऊ का अंगठ्याचं?"

सर्जेराव बाकाकडे निघाले. शिवन्या मधेच उभी होती, वाफ्यापासून चांगली चार हात लांब, दोन्ही हात पाठीमागे बांधून. ते तिच्यापुढे उकिडवे बसले. गेले तीन महिने एक गोष्ट विचारायचं त्यांनी टाळलं होतं. आज मात्र त्यांनी विचारलं.

"शिवू, त्या दिवशी गूळ गरम हाय, हे दिसत न्हवतं तुला? वाफ येत होती की."

"येत होती."

"मग हात कशाला पुढं केलास बाळा?"

शिवन्याला हा प्रश्नच कळेना. एवढं साधं आबांना कसं माहीत नाही, असा तिचा चेहरा झाला.

"मी तुमच्या तोंडाकडे बघते ना," ती म्हणाली. "गरम असलं की तुमचं तोंड असं होतं." तिने ओठ आवळून, एक डोळा बारीक करून दाखवलं. "मग ते हळूहळू नीट होतं. मग मी हात करते. त्या दिवशी तुम्ही आधीपासूनच हसत होता."

इतकी वर्षं सर्जेरावांची समजूत होती की गूळ निवाला हे त्यांचा हात सांगतो. पोरांनी हाताकडे कधी बघितलंच नव्हतं. प्रशांतही लहानपणी मान वर करून उभा राहायचा, ते त्यांना आत्ता आठवलं. पोरगं किती प्रेमाने आपल्याकडे बघतंय, असं तेव्हा वाटायचं.

ते उठले, पण बाकाकडे गेले नाहीत. वाफ्यापाशी गेले आणि डाव्या, उघड्या हाताने त्यांनी एक खडा उचलला.

"मामा!" धैर्यशील म्हणाले.

फावडी थांबली. धैर्यशील जवळ आले. ते ओरडले नाहीत. या वाफ्याला आता शिक्का लागणार नाही आणि पुढच्या हंगामाला काहिलीवर दुसरा माणूस बघावा लागेल, एवढं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. सर्जेराव हो म्हणाले. त्यांनी हे ऐकलं होतं, समजून घेतलं होतं, आणि छातीत कुठं तरी ते लागलंही होतं. पण त्या क्षणी तळहात असा पोळत होता की दुसरं दुःख करायला सवड नव्हती. मुजावरबाईंनी विचारलं, हात पुसून अंगठा देताय का? त्यांनी मान हलवून नको म्हटलं. बाईंनी शाईच्या डबीचं झाकण लावलं.

खडा ते झेलत नव्हते, तसाच धरून होते. तळव्याला फोड येणार हे त्यांना कळत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ आवळले गेले होते, एक डोळा बारीक झाला होता. शिवन्या समोर येऊन उभी राहिली होती आणि मान वर करून, अगदी शांतपणे, त्यांच्या तोंडाकडे बघत होती. प्रणाली पुढे सरकली, पण शालनने तिचा हात धरला.

मग हळूहळू सर्जेरावांचे ओठ सैल पडले, डोळा पूर्ववत झाला.

शिवन्याने आणखी थोडा वेळ खात्री करून घेतली. मग पाठीमागचा हात सोडवून, डाग असलेला तळवा तिने पुढे केला.